क्लासच्या वरची टेक वेबसाइट

वेबसाइट बंद पडली, तिच्या बातम्याही नेटवरून गेल्या. किस्से मात्र साचत राहिले. अजूनही नांदेडला नजमा भेटली की एक ती सांगते, एक मी. पूर्वी हसायचो. आता हसू येत नाही.

मी लोह्याचा, नजमा नांदेडची. लातूरला एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली फिजिक्स चालायचं, वर आम्ही मराठीतून मोबाईल, ॲप, इंटरनेटच्या बातम्या द्यायचो. मालकाला सगळे अप्पा म्हणायचे. मूळ धंदा मोबाईलच्या दुकानाचा, माणूस मनानं वाईट नव्हता. लिहिणारे आम्ही दोघंच.

सुरुवातीला काम चांगलं होतं. अप्पा दुकानातला नवा फोन आठवडाभर वापरायला द्यायचे. नजमा तो घेऊन नांदेडच्या एसटीत बसायची. अहमदपूर सोडलं की रेंज कुठं जाते, उन्हात स्क्रीन दिसते का, सगळं लिहायची. लोक फोन करून तिला सल्ला विचारायचे.

मग अप्पांनी पुण्याहून एक सल्लागार बोलावला. तो म्हणाला, दिवसाला दोन-तीन बातम्यांनी काही होत नाही, किमान चाळीस पाहिजेत. अप्पा बिचारे विचारात पडले. म्हणाले, "टेक्नॉलॉजीत रोज चाळीस गोष्टी घडतात तरी का?"

सल्लागार म्हणाला, "घडायला कशाला पाहिजेत?"

*

चाळीस बातम्या दोघांनी लिहिणं शक्यच नव्हतं. मग इंग्रजी साइटवरचा मजकूर मशीनमध्ये टाकायचा, मराठी बाहेर आलं की तसंच चढवायचं, असं सुरू झालं. एका फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये बग, म्हणजे दोष, निघाल्याची बातमी होती. मशीननं बगचा किडा केला. हेडिंग गेलं, 'या नव्या फोनमध्ये सापडले किडे, कंपनीने मागितली माफी'.

दुपारी उदगीरच्या एका दुकानदाराचा फोन आला. गिऱ्हाइकं फोन खोलून दाखवा म्हणून काउंटरवर अडून बसली होती. तो चिडला नव्हता, नुसता थकलेला वाटला. म्हणाला, "झुरळं हाईत का मुंग्या, तेवढं तरी लिहायचं होतं."

मी अप्पांना बातमी काढून टाकायला सांगितली. त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. त्या महिन्यात सगळ्यात जास्त वाचली गेलेली बातमी तीच होती.

*

लातुरात क्लासचं पीक जोरात होतं. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला यायची. एका क्लासवाल्यानं आमच्याकडं त्याच्या अभ्यासाच्या ॲपची जाहिरात दिली, पण जाहिरात म्हणून नको, परीक्षण म्हणून छापा, अशी अट घातली. ॲप कुठं आहे विचारलं, तर पाठवतो म्हणाला. पाठवलं नाही. अप्पांनी स्वतःच बसून लिहिलं, अतिशय सोपं ॲप, शंका विचारली की लगेच उत्तर, आईवडिलांना रोजचा अहवाल.

त्या भरवशावर उमरीच्या एका बाईंनी मुलीचं नाव त्याच क्लासला घातलं. ॲप सापडेना म्हणून माय-लेकी आमचा जिना चढून आल्या. आम्ही त्यांना पाणी दिलं. दुसरं देण्यासारखं काही नव्हतं.

त्याच आठवड्यात ॲप बनवणाऱ्या पोराचा हैदराबादहून फोन आला. फार नम्रपणे म्हणाला, "सर, तुम्ही काय काय लिहिलंय ते पाठवता का? त्याप्रमाणं बनवायला घेतो."

*

नजमाचं सगळ्यात वाईट झालं.

अप्पांच्या दुकानातला एक फोन चार्जिंगला लावला की तापायचा. नजमानं तो पुन्हा पुन्हा तपासला आणि स्पष्ट लिहिलं, घेऊ नका. दोन दिवसांत लेख गायब. त्या जागी दुसरा लेख, फोन उत्तम, बॅटरी दणकट. खाली नाव नजमाचंच. तिला कुणी सांगितलंही नाही.

तिला कळलं ते वडिलांकडून. नांदेडच्या बाजारात त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं जुनं दुकान. ओळखीतला एक माणूस हाताला पट्टी बांधून आला आणि फुगून फाटलेला फोन काउंटरवर ठेवला. भांडला नाही. एवढंच बोलला, "तुमच्या नजमानं चांगला म्हणलं, म्हणून घेतला." वडील तिच्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत.

नजमा अप्पांसमोर जाऊन उभी राहिली. माझंच नाव का टाकलं, एवढं विचारलं.

अप्पा म्हणाले, "तुझ्या नावावर लोकांचा भरोसा हाय. माझ्या नावावर कोण घेतंय?"

*

एका सकाळी लातूरला भूकंपाचा हलका धक्का बसला. खालची पोरं वह्या टाकून रस्त्यावर आली. आम्हीही उतरलो. वर येऊन बघतो तर अप्पांची बातमी चढलेली, 'आत्ताच ही सेटिंग चालू करा, भूकंपाआधी तुमचा मोबाईल वाजेल'. ते काही ठरावीक स्मार्टफोनवरच चालतं, धक्का जवळचा असला तर तेही नाही, हे त्यात कुठंच नव्हतं. नजमा म्हणाली, एवढं तरी घाला. अप्पा म्हणाले, मग वाचंल कोण?

दोन-तीन दिवसांनी किल्लारीकडचे एक म्हातारे गृहस्थ आले. नजमानं खुर्ची दिली. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांची बायको आणि दोन लेकरं गेली होती. पुढं सरकारी घर मिळालं, पण ते त्यात कधी झोपले नाहीत. शेजारी पत्र्याचं शेड टाकलं होतं, तिथंच अंथरूण. पुतण्यानं बातमी वाचून दाखवली म्हणून आले होते. खिशातून बटणांचा साधा फोन काढून टेबलावर ठेवला.

"ती सेटिंग तेवढी चालू करून द्या."

अप्पा केबिनमधून आले. त्यांनी फोन घेतला, दोन-चार बटणं दाबली आणि परत दिला. "झालं, बाबा."

बाबांनी फोन कपाळाला लावला. म्हणाले, "मंग आज घरात निजतो."

ते जिना उतरले आणि नजमा उठून त्यांच्या मागं धावली. मी खिडकीतून बघत होतो. क्लासच्या बोर्डाखाली उभी राहून ती बराच वेळ त्यांना समजावत होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्टँडकडं निघून गेले.

ती वर आली. मी विचारलं, खरं सांगितलंस का?

"सगळं सांगितलं. हा फोन वाजणार न्हाई म्हणून सांगितलं."

"मग?"

"म्हणाले, 'पोरी, तुला म्हाईत नसंल. वेबसाइटवर आलंय.'"