लाटसाहेबांचा पुढचा दात

सदर इसम, वय पन्नाशीच्या अलीकडे, बांधा मध्यम, नगरपालिकेच्या बँडपथकात ट्रम्पेटवादक. वर्तणूक समाधानकारक. ओळखीची खूण : वरच्या ओठावर वाद्याचा कायमचा वळ. प्रकृतीविषयी तक्रार नाही, कारण ती त्याने कुणाकडे केलेलीच नाही.

पथकात त्याला लाटसाहेब म्हणत. बाकीचे वादक एकमेकांची वाद्यं सर्रास तोंडाला लावून बघायचे. हा आपल्या ट्रम्पेटला कुणाला हात लावू देत नसे. वाजवून झालं की त्याचा माउथपीस उकळत्या पाण्यात टाकायचा. त्याला एचआयव्ही होता. गोळ्या नेमाने चालू होत्या, रक्ताचे अहवाल उत्तम होते, आणि घरात बायकोखेरीज कुणाला याची गंधवार्ता नव्हती. थुंकीतून तो विषाणू लागत नाही, हेही त्याला पाठ होतं. तरी उठल्यासुटल्या तो जळजळीत औषधी पाण्याने चुळा भरायचा.

आता वरचा पुढचा दात हलत होता. हिरड्यांतून रक्त येत होतं ते कधीपासून, आणि तो आज जाऊ, उद्या जाऊ करत होता. ट्रम्पेटचा सगळा भार त्याच दातावर. दात गेला की सूर गेला, सूर गेला की पथकातली जागा.

"जिभेने ढकलू नका त्याला," बायको म्हणाली. दातांच्या नव्या दवाखान्याच्या बाकावर दोघं बसली होती. म्हणजे ती बसली होती, तो उठत होता.

"ढकलत नाहीये. बघतोय."

"आहे अजून तिथंच. आत गेलात की आधी सांगून टाका."

"मागच्या ठिकाणी सांगितलं होतं."

मागच्या ठिकाणी त्याने खरं सांगताक्षणी दात तपासायची खुर्ची बिघडली होती. पुढच्या पेशंटसाठी ती आपोआप दुरुस्त झाली.

"आणि नाहीच सांगितलं तर?"

"मग डॉक्टरीणबाई काय तुमच्या मिशा बघून औषध देणार?"

तो पाणी प्यायला. परत आला. पुन्हा प्यायला. पुकारा झाला तेव्हा तो दारापाशीच होता, पण बाहेरच्या. बायकोने नुसतं बोट आतल्या दाराकडे केलं.

आत दातांच्या डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत होत्या. "बोला, काय होतंय?"

"मला एचआयव्ही आहे," तो एका दमात म्हणाला, "आणि दात हलतोय."

"कुठला?"

इतक्या वर्षांत या वाक्यावर असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याने बोट दाखवलं. खुर्ची चालू होती. बाईंनी गोळ्यांची नावं विचारली, जीभ पाहिली, गालांच्या आतून पाहिलं, हिरड्या दाबल्या. तोंड इतकं कोरडं कसं, म्हणाल्या. चुळांचं ऐकल्यावर त्यांचा हात थांबला.

"हे कुणासाठी?"

"कुणी चुकून माझं वाद्य तोंडाला लावलं तर..."

"त्याने काही होत नाही. माहीत नाही का?"

"माहीत आहे. पटत नाही."

"त्यांना काही झालं नसतं. तुमची लाळ मात्र तुम्ही घालवलीत. गोळ्यांनीही थोडं कोरडं पडतं, त्यात ही भर. लाळ नसली की किडीला रान मोकळं."

"दात?"

"हिरड्या साफ करू, शेजारच्या दातांना तारेने बांधू. राहील बहुतेक. तोवर फुंकणं बंद."

"कधीपर्यंत?"

"ते हिरड्या सांगतील."

"त्यांना जरा लवकर सांगायला सांगा," तो म्हणाला.

तार बसली. पथकप्रमुखाला त्याने दाताचं सांगितलं, बाकीचं नाही. सध्या तो ढोल वाजवतो.