कुशनवरची आई

"उठा. आधी उठा तिथून."

मार्थाताई साळवे आमच्या घरात आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे. दिल्लीत मयूर विहारच्या सोसायटीत राहायला येऊन आम्हाला जेमतेम महिना झाला होता. पाण्याच्या टाकीच्या अर्जावर सही घ्यायला त्या आल्या होत्या. सत्तरीच्या, काटक, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, खांद्याला कापडी झोळी. "या ना" म्हणून मी दार उघडलं आणि त्यांची नजर थेट सोफ्यावर गेली. माझा नवरा अजित तिथे रेलून पेपर वाचत होता.

तो गोंधळून उभा राहिला. त्याच्या पाठीमागचं कुशन त्यांनी उचललं, तळहाताने झटकलं आणि छातीशी धरलं. मग उरलेली दोन. तिन्हींवर एकच चित्र होतं. गुलाबी लुगडं नेसलेली एक म्हातारी सूप मांडीवर घेऊन डाळ निवडतेय.

"कुठून आणलीत?"

"सरोजिनी नगरच्या बाजारातून," मी म्हटलं. "शंभराला तीन."

"ही माझी आई आहे. आणि हे चित्र माझं आहे."

तिथेच उभं राहून त्यांनी तिन्ही कव्हरं काढली, घडी करून झोळीत टाकली आणि उघड्या गाद्या परत सोफ्यावर ठेवल्या. "गाद्या तुमच्या," म्हणाल्या. टाकीच्या अर्जावर सही न घेताच निघून गेल्या. बाई भ्रमिष्ट असावी असं अजित म्हणाला. मीही तेव्हा हसले होते. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले तर त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि सगळं सांगितलं. त्या नगरच्या. आई तिथल्या मिशन हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात होती. कपडे पिळायच्या यंत्रात तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं पेर गेलं, तरी त्याच हाताने तिने आणखी वीस वर्षं चादरी पिळल्या आणि मुलीला चित्रकलेचं शिक्षण दिलं. मार्थाताईंना दिल्लीत केंद्र सरकारच्या एका खात्यात आर्टिस्टची नोकरी लागली. हिवतापाची पोस्टरं, अल्पबचतीची पोस्टरं, कुटुंबनियोजनाचा तो ठरावीक त्रिकोण.

"सरकारी डास काढण्यात माझी सगळी नोकरी सरली," त्या म्हणत. "ते डास सरकारचे. त्यांच्यावर माझा हक्क नाही, आणि नकोय पण. आई मात्र मी रजा टाकून काढलीय."

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरच्या मागच्या अंगणात, एका हिवाळ्यात, उरलेली सगळी रजा घालून त्यांनी ते चित्र केलं होतं. पुढे आईच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा एका गॅलरीने ते विकत घेतलं. ऑपरेशनपुरते पैसे मिळाले. त्यानंतर ते चित्र किती घरं फिरलं ते त्यांना कळलं नाही. कळलं ते एकदम पेपरात, लिलावाची बातमी आली तेव्हा. आमच्या सोसायटीत दोन फ्लॅट आले असते एवढी किंमत त्याला आली होती. विकणारी तीच जुनी गॅलरी, मधे कधीतरी चित्र तिच्याकडे परत आलं होतं; आता ती मालकाच्या मुलाच्या हातात होती. मार्थाताईंना साधा फोनसुद्धा कुणी केला नाही.

मी केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. कायद्याचं पुस्तक उघडायला मला भीती वाटत नाही. मी वाचलं आणि थक्क झाले. सगळं लिहिलेलं होतं. चित्र विकलं तरी त्याची प्रत काढायचा हक्क चित्रकाराकडेच राहतो, तो लेखी दिल्याशिवाय जात नाही. आणि चित्र पुन्हा विकलं गेलं तर त्या किमतीत चित्रकाराचा हिस्सा असतो, दहा टक्क्यांपर्यंत.

"म्हणजे मी वेडी नाही," त्या म्हणाल्या.

"बिल्कुल नाही."

"मग चलो पानिपत."

सरोजिनी नगरच्या दुकानदाराने कव्हरं छापणाऱ्या तिथल्या कारखान्याचा पत्ता दिला होता. अजितने गाडी काढली. त्याला आता माझ्यापेक्षा जास्त अपराधी वाटत होतं. कारखान्याचा मालक अदबीने वागला. लस्सी मागवली, कागद दाखवला. गॅलरीने त्याला ते चित्र कापडावर छापायची परवानगी विकली होती, शिक्क्यासकट. "मॅडम, हमने तो बाकायदा खरीदा है," तो म्हणाला, आणि कौतुकाने आम्हाला छपाई दाखवायला घेऊन गेला.

ते मी विसरणार नाही. लांबलचक कापड यंत्रातून सरकत होतं आणि त्यावर मार्थाताईंची आई, एकीला लागून दुसरी, शेकड्यांनी. कात्री जिथे चालायची ती खूण काही ठिकाणी तिच्या डोळ्यावरून गेली होती. मार्थाताई वाकून बघत होत्या. मग त्यांनी एका ठिकाणी बोट टेकवलं.

"ये उंगली किसने बनाई?"

मालकाने वाकून पाहिलं. "अच्छा, वो! ओरिजिनल में उंगली कटी हुई थी ना, तो डिझायनर ने पूरी कर दी. घर की चीज़ है, कटी उंगली खराब दिखती है. साडी भी हरी थी, पिंक ज्यादा चलता है."

मार्थाताईंचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. "मेरी माँ ने सारी उम्र दूसरों की चादरें धोईं," त्या म्हणाल्या. "उसी में ये उंगली गई. और तुमने उसी को चादर बना दिया, और उंगली वापस लगा दी. किससे पूछा?"

त्याने लस्सीचा पेला खाली ठेवला. "मॅडम, मैं तो छापता हूँ. आप गॅलरीवालों से बात कीजिए."

गॅलरीत पांढऱ्याशुभ्र भिंती होत्या, आणि मालकाचा मुलगा मार्थाताईंच्या पाया पडला. त्यांचं मोठं प्रदर्शन भरवायचं त्याच्या मनात होतं म्हणे. सत्कार, शाल, जाड पुस्तक. त्याबदल्यात फक्त एका कागदावर सही हवी होती: आजवरच्या आणि पुढच्या सगळ्या छपाईला संमती, आणि कुठल्याही हिश्शावर दावा नाही.

"कायदा तो है," तो हसत म्हणाला, "पर आंटी, आज तक किसी ने माँगा नहीं."

"मैं माँग रही हूँ."

"आप तो कलाकार हैं. आपको पैसों से क्या!"

मी त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, "ताई, घ्या ना प्रदर्शन. छपाई थांबवा म्हणा आणि पैशाचं सोडून द्या. वय झालंय, कुठे कोर्टात फिरणार?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्चीतच आकसले. "पैसा नको म्हणणारी कलावंत यांना फार आवडते," त्या मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "तिचा फोटो भिंतीवर लावायला हे तयार असतात. मला दोन्ही पाहिजे. छपाई बंद आणि माझा हिस्सा. भीक मागायला मी आलेली नाही, माधुरी. आणि तू कुणाच्या बाजूने आलीयस?"

आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी मी वकील शोधून आणला.

मग सुरू झाल्या तारखा. मेट्रोने जायचं, बाकावर बसायचं, परत यायचं. गॅलरीच्या वकिलाने आधी म्हटलं की या बाईंनी हक्क विकला होता. कागद दाखवता येईना, तेव्हा म्हणाला, चित्रातली स्त्री कुणीही असू शकते. मग म्हणाला, कापडावरचं चित्र वेगळंच आहे, त्यात साडी गुलाबी आहे आणि बोट पूर्ण आहे. हे त्याने खरोखर कोर्टात उभं राहून सांगितलं. त्यांनीच मोडलेली वस्तू, आणि ती मोडलीय हीच त्यांची सबब. मी त्या दिवशी घरी येऊन भांडी आपटली. मार्थाताई मात्र म्हणाल्या, "चिडायचं असेल तर नीट चीड. भांड्यांनी काय केलंय? उद्या सकाळी उत्तर टाइप कर."

छपाईचा दावा आम्ही जिंकलो. कारखाना थांबला, आणि बेकायदा छापलेला माल कायद्याने चित्रकाराच्या मालकीचा होतो, म्हणून एका दुपारी टेम्पो भरून गठ्ठे आमच्या सोसायटीत येऊन पडले. सेक्रेटरीने पार्किंग अडल्याची तक्रार केली. कुणी म्हणालं, विकून टाका, चांगले पैसे येतील. कुणी म्हणालं, अनाथाश्रमाला द्या. एका बाईंनी माझ्याकडे हळूच चार कव्हरं मागितली. त्यांना मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मार्थाताईंनी तो टेम्पो पुन्हा पानिपतला नेला. त्या गावात जुन्या चिंध्यांचे धागे करून स्वस्त कांबळी विणतात. तशा एका कारखान्यात त्या दिवसभर स्टुलावर बसून राहिल्या. गठ्ठे फुटले, यंत्रात गेले, चेहऱ्यांच्या चिंध्या झाल्या. मला बघवेना, मी बाहेर जाऊन उभी राहिले. त्या हलल्या नाहीत. थंडीत कांबळी आली, मळकट गुलाबी रंगाची. सोसायटीच्या चौकीदारांपासून सिग्नलवरच्या बायकांपर्यंत त्यांनी ती स्वतः वाटली. "थँक्यू" म्हणणाऱ्या एका माणसावरही त्या खेकसल्या. कांबळी वाटली म्हणून आपला राग गेला असं कुणाला वाटू नये, याची त्या काळजी घेत असाव्यात.

हिश्शाचा अर्ज वेगळा होता आणि तो पुढे सरकेना. कधी सुनावणीला बसणारा अधिकारीच नेमलेला नसायचा, कधी फाइल दुसरीकडे गेलेली असायची, कधी समोरचा वकील आजारी. हा हिस्सा याआधी कुणाला मिळालाय का, असं आमच्या वकिलाला विचारलं तर तो खांदे उडवायचा. लिहिलेला कायदा आणि तो देणारा हात यांच्यात किती मोकळी जागा आहे हे मी तीस वर्षं सरकारी नोकरी करूनही तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या जागेतच मार्थाताई गेल्या. फुप्फुसाचं दुखणं होतं. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मृत्युपत्र केलं आणि चित्रांचे सगळे हक्क माझ्या नावे लिहिले. "तुला भांडता येत नाही," त्या धापा टाकत म्हणाल्या, "पण तू तारखेला वेळेवर येतेस."

दफन झालं त्याच्या दहाव्या दिवशी तारीख होती. गॅलरीचा वकील उठला, मान झुकवून दुःख व्यक्त केलं आणि म्हणाला की अर्जदार आता हयात नाहीत, मुलंबाळं नाहीत, तेव्हा प्रकरण बंद करावं. त्याने फाइलीची दोरी बांधायलाही घेतली होती.

मी उठले. चित्रकाराचा हक्क त्याच्या मरणानंतर साठ वर्षं जिवंत असतो, असं मी म्हणाले आणि मृत्युपत्राची प्रत पुढे केली.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "आप इनकी क्या लगती हैं?"

"पडोसन," मी म्हटलं.

समोरचा वकील हसला. मी खाली बसले नाही. त्याला बांधलेली दोरी सोडावी लागली आणि पुढची तारीख माझ्या नावाने पडली.