मिरचीचं बी आणि मंदावहिनींच्या कोंबड्या

चहा घ्या आधी, मग हसा. कारण कोंबड्यांपुढे हात जोडून माफी मागितलेला अख्ख्या चौलमधला मी एकटाच माणूस आहे. खरंच!

झालं असं, आमची सुमन लेकीच्या बाळंतपणाला मुंबईला निघाली. मांडव्याच्या धक्क्यावर लाँच सुटायला आली तरी बायकोचं एकच पालुपद.

"अवो, मिरच्या पिकल्यात. बी हातानं काढा. सावलीत वाळवा. उन्हात न्हाय हां!"

"अगं, मिरची आहे ती, तान्हं बाळ नाही!"

"माज्या आईची हाय."

ते मात्र खरं. सासूबाईंनी किहीमच्या वाडीत जपलेली मिरची ती. त्या गेल्या, वाडी विकली गेली, सुमनकडे माहेरचं म्हणून उरलं ते एवढं बी. दरवर्षी ती ते धरायची आणि आळीभर वाटायची.

मी हातानेच सुरुवात केली हो! चार मिरच्या फोडल्या आणि डोळा चोळला. मग बराच वेळ मी नळाखाली. तिथेच डोकं चाललं, की मिक्सर कशाला असतो? सगळ्या मिरच्या पाणी घालून गरगर फिरवल्या. साल वर, बी तळाशी! दमट हवेत ते सावलीत वाळेना, म्हणून भर दुपारी पत्र्यावर पसरलं. त्या पत्र्यावर पापड भाजला असता! पण बी कसं खडखडीत वाळलं. ऐटीत पुड्या बांधून आळीत वाटल्या.

सुमन येईपर्यंत रोपं दिसावीत म्हणून आमच्या वाफ्यातही पेरलं. रोज वाकून बघतो तर वाफा बोडका! आणि कुंपणापलीकडे शेजारच्या मंदावहिनींच्या कोंबड्या तृप्त चेहऱ्याने फिरतायत. तुम्हाला काय वाटलं असतं?

"वहिनी, तुमच्या कोंबड्यांनी आमचं बी खाल्लं!"

"भाऊजी, कुंपन वलांडून आल्या काय त्या?"

"चेहरे बघा त्यांचे! चोर आहेत!"

शब्दाने शब्द वाढला. मी आळीभर बोंब मारली. वहिनींनी आमच्याशी बोलणं टाकलं. आणि मग एकेक जण दारात येऊ लागला. "काका, आमचं बी उगवलं न्हाय." एवढे वाफे फिरायला कोंबड्यांना रिक्षा करावी लागली असती.

सुमन आली. उरलेलं बी तिने तळहातावर घेतलं. कुठे टवका उडालेला, कुठे करपलेलं.

"मिक्सर?"

"हो."

"पत्रा?"

"हो."

"जीव घेतलात त्याचा," म्हणाली आणि आत जाऊन दार लावलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. माझी मलाच लाज वाटत होती.

शेवटी बी सापडलं कुठे? मंदावहिनींच्या पडवीत! सुमननेच गेल्या वर्षी दिलेल्या मिरच्यांची माळ तिथे टांगलेली. कुटायचा कंटाळा, म्हणून तशीच राहिलेली.

"देते की," वहिनी म्हणाल्या. "पन आधी माफी मागा. माजी न्हाय, त्यांची."

खुराड्यापुढे हात जोडले मी. कोंबडा आरवला. आळी जमली होती, हे वेगळं सांगायला नकोच.

रोपं आली, मिरच्या धरल्या, यंदा नवं बी निघालं. पण ते आमच्या घरात नाही. सुमनने बरणी मंदावहिनींकडे ठेवलीय, खुराड्यावरच्या फळीवर.

"अगं, कोंबड्या खातील ना!"

"त्यांचा भरवसा हाय मला," ती म्हणाली. "तुमचा न्हाय."