शूरपालासाठी कौल

चुकीच्या पुस्तकावर बरोबर प्रेम कसं करावं, हे आमच्या आतेसासूबाईंइतकं या जगात कुणालाच कळलेलं नाही, असं मी पेडण्याच्या बाजारात भर दुपारी ओरडून सांगायला तयार आहे. फक्त त्या वेळी त्या स्वतः तिथे नसाव्यात. असल्या तर ‘या जगात म्हणजे नेमकं कुठे? पुरावा काय?’ असं विचारून माझी वाचाच बंद करतील. माझ्या बायकोची ही आत्या पेडणे तालुक्यातल्या एका शाळेत जन्मभर इतिहास शिकवत होती. लढाईचं साल एकाने चुकलं तरी त्या उत्तराचे सगळे गुण कापायच्या आणि वर मुलाला विचारायच्या, ‘तुझा वाढदिवस वर्षभर पुढे ढकलला तर चालेल का?’ देवळाच्या उत्सवाच्या पत्रिकेत कुणीतरी हौसेने ‘हजारो वर्षांची परंपरा’ असं छापलं, तर आत्या पत्रिका हातात घेऊन देवळात हजर व्हायच्या आणि समितीची माणसं मागच्या दाराने नाहीशी व्हायची. लग्न केलं नाही. ‘जन्मपत्रिकेतली जन्मवेळ कुणी खात्रीने सांगू शकत नाही’ हे त्याचं कारण त्या सांगत. आणि अशी ही बाई बारा वर्षांची असल्यापासून ज्या पुस्तकांवर जीव टाकून होती, ती शूरपालाची पाच पुस्तकं म्हणजे छापील चुकांचं गाठोडं होतं.

शूरपाल हा कदंब राजांच्या काळातला सोळा वर्षांचा वीर. कुमारांसाठी लिहिलेल्या या साहसकथांच्या लेखकाने गोव्यात कधी पाऊल टाकलं असेल असं मला वाटत नाही. त्याचा शूरपाल शत्रूपासून लपायला काजूच्या झाडावर चढतो. काजू घेऊन पोर्तुगीज यायला अजून काही शतकं अवकाश असतो, पण शूरपालाला घाई असते. शत्रू अंगावर आला की तो कमरेच्या बटव्यातली मिरचीपूड त्याच्या डोळ्यांत फेकतो. ही मिरचीसुद्धा त्याच गलबतांतून यायची होती. पहाटे कदंबांच्या राजधानीत पाव विकणारा पोदेर चक्क भोंगा वाजवत फिरतो. आणि पेडण्याच्या किनाऱ्यावर उभा राहून शूरपाल समुद्रातून उगवणाऱ्या सूर्याला अर्घ्य देतो! अशा प्रत्येक जागी आत्या थांबतात, मांडीवर थाप मारतात, ‘चुकलास रे मेल्या!’ असं त्या लेखकाला म्हणतात आणि उशीर झालेल्या पोराला जेवायला वाढावं तशा समाधानाने पुढे वाचतात. मोपाच्या विमानतळावर उतरणारी विमानं हल्ली त्यांच्या घराच्या कौलांवरून जातात. तेव्हा त्या ओळीवर बोट ठेवून वाचन थांबवतात. त्या आवाजात शूरपालाचं बोलणं बुडू नये म्हणून.

लग्नानंतर नवा नवा जावई असताना मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, ‘आत्या, हा तर सगळा बोगस इतिहास!’ त्यांनी मला चष्म्यावरून पाहिलं. ‘खरा इतिहास मी शिकवला, जावईबापू. त्यात कोण कधी मेलं ते सगळं आधीच ठरलेलं. पान उलटताना हात थरथरला असं कधी झालं नाही. ह्या गाढवाच्या पुस्तकात थरथरतो.’ त्या दिवशी माझ्या वाट्याला माशाच्या हुमणातला शेपटीचा तुकडा आला.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, ते गेल्या वर्षीपर्यंत. मग आत्यांना अंगणातून पायरी चढताना धाप लागायला लागली. पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप खराब झाली आहे, बदलावी लागेल, आणि लवकर बदलावी लागेल. ‘नाहीतर?’ असं माझ्या बायकोने विचारलं, तेव्हा ते आत्यांकडे न बघता टेबलावरचं पेन सरळ करत बसले. आत्या म्हणाल्या, ‘ऑपरेशन नको.’

का नको? तर शूरपालासाठी. पाचव्या पुस्तकाची शेवटची काही पानं आत्यांच्या लहानपणीच वाळवीने खाल्ली होती. पुस्तक संपतं तिथे शूरपाल एका भयाण कड्याला एका हाताने लोंबकळतो आहे, खाली दरी, वर शत्रू, आणि बटव्यातली मिरचीपूड संपलेली. पुढे काय झालं ते आत्यांना कधी कळलंच नाही. इतकी वर्षं त्यांचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. पण आता त्या म्हणाल्या, ‘तो तिथे लोंबकळतोय आणि बारा वर्षांची होते तेव्हापासून मी त्याला धरून आहे. मला गुंगी देऊन निजवलं, आणि उठलेच नाही, तर त्याला धरणार कोण? तुमचा डॉक्टर?’

कुणीही हसलं नाही. एवढं बोलायला त्यांना मध्ये मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला होता.

मी डिचोलीचा. खनिजाच्या ट्रकांचे सुटे भाग विकणं हा माझा धंदा. खाणी थंडावल्यापासून गिऱ्हाईक कमी आणि वेळ भरपूर. तो सगळा वेळ मी पाचवं पुस्तक शोधण्यात घातला. वाचनालयांची कपाटं पालथी घातली, शिरगावपासून साखळीपर्यंतच्या रद्दीवाल्यांना सांगून ठेवलं. लेखक केव्हाच गेला होता, प्रकाशकाच्या जागी मोबाइलचं दुकान होतं. इकडे आत्या बसल्या जागी उशीला टेकून झोपायला लागल्या होत्या, कारण आडवं पडलं की श्वास पुरत नव्हता. शेवटी बायको म्हणाली, ‘तुम्हीच लिहा शेवट. गावभर थापा मारता, चार पानं नाही लिहिता येणार?’

लिहिली! दुकानाच्या काउंटरवर बसून, जीव ओतून लिहिली. वाचणारी बाई इतिहासाची शिक्षिका, म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा तपासली. शूरपालाला मी वेलींच्या आधाराने खाली नदीत उतरवला, मिरीची पूड फेकायला लावली, सुखरूप आईकडे पोचवला. म्हापशाच्या एका छापखान्यात जुन्या वळणाची अक्षरं जुळवून घेतली, कागदाला चहाचं पाणी दिलं, आणि ‘मिळाली हो मिळाली!’ म्हणून नाचत पेडण्याला गेलो. आत्यांनी चष्मा लावला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मी आणि बायको दाराला चिकटून उभे. चौथं पान संपल्यावर त्यांनी पानांची चळत हलकेच बाजूला ठेवली.

‘चांगलं लिहिता तुम्ही, जावईबापू.’

‘मी? छे! हे तर...’

‘चार पानं झाली आणि एक चूक नाही,’ त्या म्हणाल्या. ‘मिरचीऐवजी मिरी! नदी पश्चिमेला वाहत जाऊन समुद्राला मिळते! त्या मेल्याच्या पुस्तकात नदी कधी समुद्राकडे गेली आहे का? हा माझा शूरपाल नव्हे. हा कुणीतरी अभ्यास केलेला मुलगा आहे.’

सगळे मार्ग खुंटले, तेव्हा बायकोने देवाचा कौल घ्यायची गोष्ट काढली. ऑपरेशन करावं की नाही, हे ग्रामदेवतेलाच विचारू. मी तिला डोळ्यांनी खुणावलं, कारण आत्या आणि कौल म्हणजे भयंकर प्रकरण होणार. पण आत्या पटकन म्हणाल्या, ‘चला. आजच जाऊ.’ हे इतकं सरळ झालं की मला तिथेच संशय यायला हवा होता.

देवळात भटजींनी काळ्या पाषाणाच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, उजवीकडे आणि डावीकडे. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आत्यांना खुर्ची दिली, पण त्या बसेनात. खांबाला धरून उभ्या राहिल्या. भटजींनी गाऱ्हाणं घातलं, ‘बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकीन जो काय हेतू मनात धरलो आसा, तो पुरो होवचो आसात तर उजवो प्रसाद दी, नायतर डावो दी म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ आम्ही सगळे.

मग ती वाट बघणं सुरू झालं. पाकळ्या हलेनात. गाभाऱ्यातल्या समईची ज्योत तेवढी हलत होती. आत्यांचा श्वास मला मागून ऐकू येत होता, फाटक्या भात्यासारखा. बायकोने जाऊन सभामंडपातला पंखा बंद केला. तेवढ्यात डावीकडच्या पाकळीची कड सुटली. ती लोंबायला लागली. बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. आणि नेमकं त्याच वेळी मोपाचं विमान डोक्यावरून गेलं. देवळाची घंटा कुणी न वाजवता किणकिणली, जमीन थरथरली, डावी पाकळी थरथरली, मी मनात त्या विमान कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. विमान गेलं. डावी पाकळी तशीच लोंबत राहिली, आणि उजवी, जिची कड जराही सुटली नव्हती ती, सपशेल खाली आली.

‘उजवो!’ भटजी ओरडले. बायको रडायला लागली. आत्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, ‘गाडी काढा. होऊन जाऊ दे ते ऑपरेशन.’

दुसऱ्याच दिवशी आम्ही हॉस्पिटलकडे निघालो. बायको मागे बसून फोनवर साऱ्या नातेवाइकांना कौलाची बातमी देत होती. आत्या पुढे, माझ्या शेजारी. म्हापसा ओलांडल्यावर त्या माझ्याकडे किंचित झुकल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘मी ऑपरेशनाचं विचारलंच नव्हतं.’

‘म्हणजे?’

‘त्याचं विचारलं. शूरपाल कड्यावरून वाचलो काय, म्हणान.’

माझा पाय ब्रेकवर गेला. मागच्या टेम्पोवाल्याने भोंगा वाजवून माझ्या आईवडिलांची आठवण काढली. ‘आणि तुमचं?’ मी कुजबुजलो. ‘तुमच्या ऑपरेशनाचं काय?’

‘देवाला एका वेळी एकच विचारायचं असतं. मग पोराचं आधी नको?’ आत्यांचा चेहरा शाळेतल्या मुलीसारखा झाला होता आणि ‘जावईबापू’, ‘तुम्ही’ हे सगळं वाऱ्यावर उडून गेलं होतं. ‘जगलो रे तो! आयकलंस? जगलो! आता मी हात सोडला तरी चालेल.’

गाडी वळवावी का, हा विचार माझ्या मनात पुढच्या प्रत्येक वळणावर आला. वळवली असती तर बायकोला काय सांगणार होतो? आणि आत्या दुसऱ्यांदा तयार झाल्या असत्या का? मी गाडी चालवत राहिलो. ऑपरेशन चालू होतं तेव्हा त्या लांबलचक व्हरांड्यात आमचे सगळे नातेवाईक निवांत होते. देवाने हो म्हटलं आहे, मग काळजी कसली! कुणी डब्यातली भाजी-पोळी खात होतं, कुणी घरच्या कुत्र्याची चौकशी करत होतं. देवाने आत्यांबद्दल एक अक्षरही काढलेलं नाही, हे त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं. दार उघडलं की मी उठत होतो, बंद झालं की बसत होतो. शेवटी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, ‘झालं. ठीक आहेत.’ तेव्हा मी असा काही हुंदका दिला की बायको चकित झाली. ‘अहो, देवाने सांगितलंच होतं ना?’

आत्या घरी आल्या, पायऱ्या चढायला लागल्या, आणि डिचोलीच्या एका रद्दीवाल्याचा मला फोन आला. कुठल्याशा शाळेने जुनं कपाट काढून टाकलं होतं. त्यात पाचवं पुस्तक होतं, अखंड. मी त्याच्या दुकानात उभ्यानेच शेवटची पानं वाचली. शूरपालाचा हात सुटतो. तो दरीत पडतो आणि मरतो. चंदनाच्या चितेवर त्याला ठेवतात आणि राजाच्या हुकमाने तोफांची सलामी देतात. कदंबांच्या काळात तोफा! म्हणजे शंकाच नको, पानं अस्सल होती.

ते पुस्तक मी गाडीच्या सीटखाली ठेवलं आणि कित्येक दिवस पेडण्याला जाताना घरात नेलं नाही. पण माझ्या बायकोच्या पोटात काही राहत नाही. एका दुपारी आत्यांनी हात पुढे केला. ‘आणा.’ मी दिलं आणि त्यांच्या गोळ्यांची डबी जवळ सरकवून बसलो. त्यांनी सावकाश वाचलं. शेवटचं पान दोनदा वाचलं. मग पुस्तक मिटलं आणि शांतपणे म्हणाल्या, ‘लेखकाने इतक्या चुका केल्या, त्यातली ही एक.’

देवाचा उजवा प्रसाद मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता.

आत्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. ‘तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा,’ त्या म्हणाल्या. ‘म्हणजे आता गुडघे गेले असतील त्याचे. घोड्यावर चढायला कुणीतरी हात द्यावा लागत असेल.’ मग म्हणाल्या, ‘कुणी असेल ना रे त्याच्याजवळ?’

‘आहे, आत्या,’ मी म्हणालो, आणि त्या संध्याकाळी डिचोलीला परत जायला निघालो नाही.