वरच्या फळीवरचं मलम

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. देवावर विश्वास नाही, त्यामुळे तीही सोय नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुमच्याबद्दलही मला फारसं प्रेम नाही — खाज थांबली की रोग गेला असं मानणारे तुम्हीच ना?

राळेगावात माझं औषधांचं दुकान होतं. कापसाची ती वाईट वर्षं. पुढारी यायचे, हार घालून घ्यायचे, माइकवर गहिवरायचे आणि परतताना माझ्याकडून अपचनाच्या गोळ्या न्यायचे. मी त्यांना मनात हसायचो. मला मात्र लोक 'डॉक्टरसाहेब' म्हणत — मी कधी त्यांची चूक दुरुस्त केली?

कापूस वेचणाऱ्या बाया कमरेला फडक्याची ओटी बांधतात आणि वेचलेलं तिच्यात टाकत जातात. दिवसभर घाम, ओझं, घट्ट गाठ. त्या गाठीखाली गजकर्ण उठतं. माझ्याकडे त्यावर दोन मलमं होती. एक साधं, बुरशी मारणारं. ते आठवडेच्या आठवडे लावायचं, डाग गेल्यावरही लावत राहायचं. ते वरच्या फळीवर. दुसरं हाताशी, काउंटरखाली — त्यात स्टेरॉइड मिसळलेलं. दोन दिवसांत खाज बंद, लाली गायब, गिऱ्हाईक खूश. आत बुरशी मजेत पसरत राहते. मला हे ठाऊक नव्हतं? खोक्यातला घडीचा कागद वाचणारा त्या गावात बहुधा मी एकटाच होतो.

वेचणीला जाणारी जनाबाई हे दुसरं मलम नेत राहिली. लावलं की जायचं, थांबवलं की जोरात यायचं. कमरेवरून पोटावर, पाठीवर, मग मानेवर — लुगड्यानं झाकेना तिथवर.

एका सकाळी ती टोळीतल्या बायांना घेऊनच दुकानात आली. त्यांनी तिला आपल्या ओळीत उभं करणं बंद केलं होतं, आणि वेचणीवाचून तिची चूल पेटत नव्हती.

"डॉक्टरसाहेब, तुमीच सांगा इले," टोळी जमवणारी शांताबाई म्हणाली. "आंग धुत नसन, दुसरं काय!"

"रोज धुतो मी!" जनाबाई म्हणाली. "सांगा ना भाऊ यायले. मलम तं तुमचंच लावून राह्यली."

तिला माझ्याकडून एकच वाक्य हवं होतं — मलम चुकीचं दिलं, बरोबरच्यानं हे बरं होतं. बरोबरचं माझ्या डोक्यावरच्या फळीवर होतं. हात वर करायचा होता फक्त.

मी म्हणालो, "औषध उत्तमच आहे. स्वच्छता पाळायला हवी." अगदी डॉक्टरसाहेबांच्या आवाजात.

बाया एक पाऊल मागे सरकल्या. जनाबाईनं हातातली ट्यूब काउंटरवर ठेवली, पदर मानेभोवती ओढून घेतला आणि गेली. त्या हंगामात तिला कुणी ओळीत घेतलं नाही. पुढच्या वर्षी ती गावातही नव्हती. कुठे गेली? मी विचारलं नाही.

एवढं असतं तर पचलं असतं. भ्याडपणा पचतो, तुमचाही पचतच असेल. पण त्याच्या आधीच्याच पावसाळ्यात मला जांघेत गजकर्ण झालं होतं. मी शटर अर्धं ओढलं, स्टुलावर चढलो आणि वरच्या फळीवरचं मलम काढलं. रोज लावलं. खाज थांबली तरी लावत राहिलो, कागदात लिहिलं होतं तसं.

पूर्ण बरं झालं. डागसुद्धा उरला नाही.