मलेशियाला निघालो आणि घरातच लपलो

परवा आमच्या गावात, राहनाळला, पुतण्याची हळद झाली. दोन घरं पलीकडे बेंजो वाजत होता आणि मी, त्याची सख्खी मोठी काकी, स्वतःच्याच घरात आतून कडी लावून बसले होते.

का, ते सांगते... सांगायलाही लाज वाटते.

शेतावर गोडाऊन बांधून भाड्याने दिल्यापासून आमच्या ह्यांना काही काम उरलं नाही. ठाण्याच्या एका हॉटेलात कुठलंसं सेमिनार ऐकलं आणि डोक्यात मलेशिया घेऊन आले. तिथे म्हणे पन्नाशीच्या पुढच्या परदेशी माणसांना रिटायरमेंटचा लाँग स्टे व्हिसा मिळतो... बँकेत डिपॉझिट ठेवा, दरमहाचं उत्पन्न दाखवा आणि वर्षानुवर्षं आरामात राहा. मला तिथे कुत्रं ओळखत नाही, पण ह्यांच्यापुढे बोलायची सोय नाही.

व्हिसा हातात नसताना ह्यांनी गावभर सांगून टाकलं. मग काय, भावकीने नाक्यावर फ्लेक्स लावला, शाल-श्रीफळ दिलं, घरोघरी जेवणं झाली. कोणी सुकट बांधून दिली, कोणी पापड. आणि त्या सत्कारात हे माईक धरून म्हणाले, या ट्रकच्या धुळीत आता ठेवलंय काय... लोक हसले, टाळ्याही वाजवल्या. मी मात्र मान वर केली नाही.

निघायच्या दिवशी पासपोर्ट घ्यायला एजंटच्या ऑफिसात गेलो, तर व्हिसा नामंजूर. उत्पन्नाचा पुरावा नाही. गोडाऊनचं भाडं सगळं तोंडी व्यवहारावर, कागद आणणार कुठून? हे तिथल्या सोफ्यावर असे बसले की हाताला धरून उठवावं लागलं.

डोंबिवलीला मुलीकडे जाऊ म्हटलं, तर जावयाला तोंड दाखवायला तयार नाहीत. शेवटी भर दुपारी गाव झोपलेलं असताना मागच्या दाराने आपल्याच घरात शिरलो... चोरासारखे. आठ-दहा दिवस टीव्ही बंद, मोबाईल बंद. हळदीला सगळे पाहुणे जमणार, त्यांच्यासमोर हसं नको, म्हणून ती उरकेपर्यंत बाहेर पडायचं नाही असा ह्यांचा हुकूम. ज्या पोराला मी अंगाखांद्यावर खेळवला, त्याची हळद मी भिंतीला कान लावून ऐकत होते.

मधेच बेंजो थांबला. थोड्या वेळाने मागच्या दारावर थाप. माझी धाकटी जाऊ, नवरदेवाची आई, हळदीची वाटी घेऊन उभी.

"जाऊबाई, पहिली हलद मोठ्या काकीची. पोरगा पाटावर बसून हाय, दुसऱ्या कोणाला हात लावू देत न्हाय."

आम्ही घरात आहोत हे कधी कळलं, एवढंच मी विचारलं.

"आल्या दिवशीच. बोंबील तळलेत ना तुम्ही? सगल्या आळीला वास."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं... मग लक्षात आलं, आमच्या ओटीवर दंगा करणारी पोरं इतके दिवस फिरकलीच नव्हती. काका-काकीला लाज वाटेल म्हणून मोठ्यांनी त्यांना दटावून ठेवलं होतं. आणि मी आपली समजत होते, आपण किती हुशार.

हे आतून सगळं ऐकत होते. शर्टाची बटणं लावतच बाहेर आले. मांडवात कोणी मलेशियाचं नावही काढलं नाही. मी हळद लावली, पोरगा माझा हात धरून रडला, मीही रडले. ह्यांनी दोनदा काही बोलायला तोंड उघडलं, तर चुलत दिरांनी हातात ताट दिलं, आधी जेव म्हणाले.

व्हिसा गेल्याची लाज त्या मांडवातच संपली. पण ज्यांना तोंडावर हिणवलं त्यांनीच आमची अब्रू झाकून ठेवली, ही लाज काही केल्या जात नाही. समोर कोणी बोलूच देत नाही, म्हणून इथे लिहितेय. गावची पोरं हे वाचतात... घरी मोठ्यांनाही वाचून दाखवा.

हे शेजारीच बसलेत. शेवटचे दोन शब्द त्यांनी सांगितलेत, जसेच्या तसे टाईप करते.

माझं चुकलं.