साडूंनी सोडवलेलं वेस्टगेट

आमच्या साडूंनी दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा कधी बिघडत नाही, असं त्यांच्या सोसायटीत मोठ्या आदराने सांगितलं जातं. मी नातेवाईक असल्यामुळे मला पुढचं वाक्यही माहीत आहे: बिघडण्याइतकी ती पुन्हा कधी चालतच नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला विचुंब्याला, म्हणजे नवीन पनवेलच्या आमच्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं, आणि हीच माझ्या आयुष्यातली मोठी अडचण आहे. हा माणूस चिपळूणला राहत असता तर मी त्याच्यावर मनापासून प्रेम केलं असतं. सगळी नोकरी त्यांनी रसायनांच्या एका कारखान्यात झडपा सांभाळण्यात घालवली. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं आणि त्यांना आमच्या अंगावर सोडून दिलं.

जगातल्या यच्चयावत वस्तू या मुळात झडपाच आहेत, हे साडूंचं तत्त्वज्ञान. मिक्सर असो, गीझर असो, नाहीतर आमच्या सोसायटीची कमिटी, साडू चष्मा कपाळावर सरकवून म्हणणार, "शेवटी काय आहे, झडपच आहे!" दुसरं म्हणजे, कुठलीही वस्तू घट्ट बंद केलेली त्यांना बघवत नाही. त्यांनी बसवलेला नळ कायम ठिबकतो. त्यांच्या घरी कुकरचं झाकण असं काही बसवलेलं आहे की वरण शिजायला एक तास लागतो आणि तोवर माणूस भुकेने हवालदिल होतो. डब्याची झाकणं ते नुसती टेकवून ठेवतात. एकदा त्यांनी दिलेली कैरीच्या लोणच्याची बरणी मी विश्वासाने पिशवीत ठेवली, त्याच पिशवीत माझी पासबुकं आणि नवा पांढरा शर्ट होता. मी फोन करून झालेला प्रकार सांगितला तर म्हणाले, "सांडलं ना? म्हणजे आत काही कोंडलं नाही. चांगलं झालं." अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून?

पण गाडीच्या बाबतीत मात्र त्यांनी हद्द केली. केतकीचा, म्हणजे आमच्या एकुलत्या एक मुलीचा साखरपुडा पुण्याला ठरला होता आणि नेमका आठ दिवस आधी माझ्या डिझेल गाडीचा इंजिनाचा दिवा लागला. जरा चढ आला की गाडी मान टाकायची. धुराच्या जोरावर फिरून इंजिनाला ताकद देणाऱ्या टर्बोच्या अंगाला वेस्टगेट नावाची एक छोटी झडप असते. इंजिनातून येणाऱ्या धुराचा जोर फार वाढला की ती उघडते आणि जास्तीचा जोर बाजूने सोडून देते. ती काजळीने अडकली होती. कंपनीच्या वर्कशॉपवाल्यांनी अख्खा टर्बोच बदलायला सांगितला आणि नवा यायला दहा दिवस लागतील म्हणाले. आता काय करावं या विवंचनेत मी रविवारी सकाळी केस कापायला गेलो. अर्ध्या तासाने परत येतो तो काय, पार्किंगमध्ये वर्तमानपत्रावर माझ्या गाडीची आतडी मांडलेली आणि शेजारी साडू मांडी घालून बसलेले! किल्ली कुणी दिली, असं मी बायकोला विचारलं. "भाऊजी म्हणाले, नुसतं बघतो," ती म्हणाली. साडूंच्या नुसतं बघण्याने आजवर आमच्या दोन घड्याळांचा आणि एका शिलाई मशीनचा बळी गेलेला आहे, हे ती विसरली होती.

मी चिडून काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या हातात टॉर्च दिला. "साडू, जरा इकडे धरा. इकडे. गाडी तुमची आहे, माझी नाही." पुढचे सहा तास मी टॉर्च धरून उभा होतो. माझ्या दाढीचा ब्रश आणि माझाच टूथब्रश घेऊन त्यांनी ती झडप रॉकेलने धुतली, हळूहळू हलवून मोकळी केली. मग झडप हलवणाऱ्या दांडीचा डबा तपासायला हवा भरायची वेळ आली, तर या गृहस्थांनी घरात जाऊन माझं रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं. त्याची नळी त्या डब्याला जोडली आणि रबरी फुगा दाबत काट्याकडे बघत बसले. डॉक्टरांनी मला दोन वेळा रक्तदाब बघायला सांगितलंय, हे मी त्यांना बजावलं. "तुमचा बघायला कशाला यंत्र पाहिजे?" ते म्हणाले, "तोंडावर दिसतोय." वर राहणारे कुलकर्णी गॅलरीतून हसले, याचा मला जास्त राग आला.

संध्याकाळी सगळं परत जोडून आम्ही कामोठ्यापर्यंत फेरी मारली. सपाट रस्ता, गाडी झकास चालली, दिवा गेला. मी भर रस्त्यात साडूंना मिठी मारली, याची मला आजही लाज वाटते. तरीसुद्धा आपण साखरपुड्याला भाड्याची गाडी ठरवू, असं मी आठवडाभर सुचवत होतो. पण तो विषय काढला की साडूंचा चेहरा पडायचा आणि बायको मला डोळ्यांनीच गप्प करायची.

मुहूर्त अकरा वाजून दहा मिनिटांचा होता. पुढे मी आणि साडू, मागे बायको, तिची बहीण आणि मधे नटलेली केतकी, असे आम्ही आठच्या सुमारास निघालो. घाट लागला आणि गाडीने जीव सोडला. बंद नाही पडली, तेवढंही सुख नाही. मी पाय दाबतोय, इंजिन कण्हतंय आणि काटा वीसच्या पुढे हलत नाही! मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून शेवटी हात जोडले. अंड्यांचा एक टेम्पो आम्हाला ओलांडून गेला, आणि अंडी नेणाऱ्या माणसाइतकं सावकाश जगात कुणी गाडी चालवत नाही. साडू शांतपणे म्हणाले, "एसी बंद करा, तेवढीच ताकद वाचेल." एसी बंद केला. केतकीच्या चेहऱ्यावरचा दोन तासांचा मेकअप मानेवर उतरायला लागला. "बाबा, मी उतरून चालू का?" तिने विचारलं तेव्हा ती चेष्टा करत नव्हती. त्यात साडूंनी इंजिन थंड करायला गाडी दोनदा थांबवायला लावली.

हॉलवर पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. मुहूर्त टळला होता आणि गुरुजी दुसरं कार्य घ्यायला निघून गेले होते, ते तीनला परत येणार होते. "चालत निघाला होतात का?" होणाऱ्या व्याह्यांनी विचारलं, आणि त्यांच्या बाजूचे सगळे हसले. केतकी आतल्या खोलीत जाऊन रडली. तिला तसं रडताना पाहिलं आणि माझा तोल सुटला. भरल्या हॉलमध्ये मी साडूंवर ओरडलो, "आजपासून माझ्या गाडीला हात लावायचा नाही! गाडीलाच काय, माझ्या घरातल्या कशालाच!" साडू फक्त "बरं" म्हणाले. साखरपुडा पार पडल्यावर ते आणि ताई बसने परत गेले. मी त्यांना थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गाडी पळस्प्याच्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथले चाचा मूळचे उरणकडचे. बराच वेळ वाकून बघितल्यावर त्यांनी विचारलं, "साहेब, हे काम कुणी केलं?"

"आमच्या साडूंनी. वाट लावली ना?"

"तौबा! वाट कसली? झडप नव्यासारखी साफ हाय. पण दांडी लांब ठेवलीय. जरा जोर आला की झडप उघडते, मग गाडी चढणार कशी? आणि हे बघा, वर दुसरा नट आवळलाय, रंगाची खूण केलीय. चुकून झालेलं नाय हे. सोचसमझके केलंय."

"मुद्दाम?"

"बिलकुल मुद्दाम. मापावर आणू?"

आणा म्हणालो. तळपायाची आग मस्तकात गेली होती. गाडी तिथेच टाकली आणि रिक्षाने थेट विचुंबे गाठलं. साडू गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मी दारातूनच सुरुवात केली. माझ्या मुलीच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस, आणि तुम्ही मुद्दाम? साडूंनी हातातला टॉवेल झटकला, नीट पसरला, चिमटा लावला.

"कारखान्यात एक जण होता माझ्या पाळीला," ते म्हणाले. "रोज एकत्र डबा खायचो. त्या दिवशी एक झडप उघडायला पाहिजे होती, ती उघडली नाही. मी जिन्यावर होतो, तो खाली होता."

तीस वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. माझा राग एकदम उतरला नाही, खोटं कशाला सांगू! मी म्हणालो, "अहो, पण गाडी म्हणजे कारखाना नव्हे. ही झडप अडकली तर फार तर दिवा लागतो."

"ते मला कळतं की. शंभरदा माप घेतलं, बरोबर लावलं. पण केतकी मागे बसणार होती. हात पुन्हा सैल करून आला. हाताला कसं समजावणार?" मग पुढचा चिमटा उचलत म्हणाले, "रडली का हो फार?"

मी त्यांच्या बादलीतले उरलेले कपडे वाळत घालू लागलो. गाडी मापावर आणायला सांगून आलोय, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

केतकी आता पुण्यातच असते, महिन्या-दोन महिन्यांनी आम्ही तिच्याकडे जातो. गाडी घाट असा चढते की बोलता बोलता खंडाळा येतो. साडू अलीकडे आमच्याबरोबर येत नाहीत. त्यांचे हात कापतात, पाना धरवत नाही, गाडीत फार वेळ बसवत नाही. वर पोचलो की मी गाडी बाजूला घेतो आणि त्यांना फोन लावतो. आवाजात जमेल तेवढा संताप आणून ओरडतो, "काय करून ठेवलंत हो साडू! सगळा घाट रडत रडत चढली! ट्रकवाले हात जोडून गेले!"

"पण वर पोचलात ना?"

"पोचलो एकदाचे."

"सगळे?"

"सगळे."

"मग बरं," ते म्हणतात. पण फोन लगेच ठेवत नाहीत. मीही ठेवत नाही.